फेरिदून आबींची मागची बाजू

केस लावून घ्यायला जगभरातून इस्तंबूलला जी टकली उतरतात, त्यांना विमानतळावरून व्हॅनने दवाखान्यात आणायचं काम आमच्या गल्लीतल्या फेरिदून आबींचं; आबी म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ. चार वर्षांपूर्वी दवाखान्याने त्यांच्याही कपाळावरच्या टकलावर केस लावून दिले, तेव्हापासून आबींची मान जी ताठ झाली ती झालीच.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "लावलेले केस राहतील. मागचे जुने टिकवायचे तर रोज गोळी घ्या. त्रास वाटला तर मला सांगा, परस्पर बंद करू नका."

आबींनी आठवड्यात बंद केली. चहाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, त्या गोळीने पुरुषपण जातं. झालं! व्हॅनमध्ये मात्र येणाऱ्या प्रत्येकाला गोळीचं महत्त्व पटवायला हेच पुढे.

मी त्यांचा न्हावी. केस कापून झाले की गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे हातआरसा धरायचा, ही आमची रीत. आबी हात झटकायचे. "राहू दे रे सेलामी, पुढचं दिसलं, पुरे." पुढे दाट झुडूप आणि मागे बशीएवढं मैदान. सांगायला हवं होतं, पण जुनं गिऱ्हाईक दुखवायला माझी जीभ रेटेना.

गेल्या मंगळवारी आबी तोंड पाडून आले. व्हॅनमध्ये मागे बसलेले पाहुणे त्यांच्या डोक्याचे फोटो काढून दवाखान्यात विचारत होते, आमचंही असंच होणार का? मॅनेजरीणबाईंनी सांगून टाकलं, सोमवारपासून गाडी दुसऱ्याकडे.

"आरसा धर," आबी म्हणाले.

मी धरला. त्यांनी हात मागे नेऊन ते मैदान चाचपलं.

"हे कधीपासून?"

"तीनेक वर्षं झाली, आबी."

"आणि तू गप्प? बायकोही गप्प?"

"वहिनींना तुम्ही बोलू देता कुठे? आणि मला आरसा उचलू दिलात कधी?"

मी बोललो खरा, पण मलाच लाज वाटली. त्या दिवशी मी हजामतीचे पैसे घेतले नाहीत.

आबींनी आधी टोपी घेतली, मग डॉक्टरीणबाईंना गाठून गोळी पुन्हा सुरू केली. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, हेही त्यांनी ऐकून घेतलं.

शनिवारी शेवटच्या फेरीला वाहतूक तुंबली. मागे चार पाहुणे. आबींनी टोपी काढली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "पुढे बघा, ते डॉक्टरांचं काम. मागे बघा, ते माझं. गोळी सोडली होती."

दवाखान्यात पोचताच चौघांनी पहिल्यांदा गोळीचीच चौकशी केली.

सोमवारी गाडी आबींकडेच राहिली. मॅनेजरीणबाईंनी एकच अट घातली: टोपी घालायची नाही.