पालखीपुढे ठरलेली नोकरी

नातवंडांनो, तुमच्या तिकडच्या परदेशी कॉलेजात म्हणे दुसऱ्या वर्षापर्यंत विषय ठरवावाच लागत नाही. म्हणून तुम्हा दोघांना हे सांगते आहे. माझ्या धाकट्या भावाची नात बीएसाठी तीन वर्षं माझ्याकडे रत्नागिरीत राहिली. घर मंडणगडकडचं, वडील मुंबईत कुरिअरच्या गोदामात. माणसं कशी बोलतात, याचा तिला नाद. हर्णेला माशांचा लिलाव चालू असताना ही रेकॉर्डिंगसाठी मोबाइल पुढे धरून उभी. तीच मासळी आमच्याकडे वेगळ्या नावाने विकतात, हे मला हिच्यामुळे कळलं.

शेवटच्या वर्षी कॉलेजात करिअर मार्गदर्शन झालं. पाहुण्यांनी कला शाखेच्या मुलांसाठी बँकेच्या परीक्षा आणि पोलीस भरती सांगितली. हिने भाषाविज्ञानाचं विचारलं, तर म्हणाले, "छान आहे, पण त्याचं पुढे काय? तुझी उंची किती?" वर्ग हसला. घरी येऊन तीही हसली, पण जेवली नाही.

मग आम्ही दोघींनी पद्धतशीर शोध घेतला. पुण्यात एम.ए. होतं, प्रवेशपरीक्षा होती, वसतिगृहही मिळण्यासारखं होतं. फक्त वडिलांचा होकार हवा होता. तो शिमग्याला ते गावी आले की घ्यायचा, असं ठरलं. मीही गेले.

आम्ही बोलण्याआधीच ग्रामदेवाची पालखी दारात आली. तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगते: घराच्या वतीने गुरव देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक मागण्याला सगळे होकार देतात. माझ्या भाच्याने, म्हणजे तिच्या वडिलांनी, गुरवाच्या कानात काहीतरी सांगितलं.

"बा म्हाराजा, ह्या घरातली पोर शिकली हाय. तिला यंदाच्या यंदा बँकेत चिकटव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझ्या शेजारी उभी राहून तीही म्हणाली.

पालखी पुढे गेल्यावर मी भाच्याला पुण्याचं सगळं नीट समजावलं. "एक वर्ष तरी दे तिला."

"आत्या, आधी बोलली असतीस तर गोष्ट वेगळी. आता देवाला सांगून झालं. आणि बोलायला तर येतंच की तिला, त्यात शिकायचं काय?"

तो दुष्ट नाही. घाबरलेला आहे.

"तू का होकार दिलास?" मी तिला विचारलं.

"सगळे म्हणतात तेव्हा तोंडातून येतंच ते, आजी."

आता ती माझ्याकडेच राहून बँकेच्या क्लासला जाते. पुण्याची परीक्षा होऊन गेली. परवा सरावाचं ॲप घ्यायला मोबाइलमध्ये जागा नव्हती, म्हणून तिने लिलावाची, म्हाताऱ्यांच्या बोलण्याची सगळी रेकॉर्डिंग पुसून टाकली.

"अगं, मला तरी पाठवायची होतीस."

"तू काय करणार होतीस त्याचं?" तिने मान वर न करता विचारलं आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं.