नाथाजीच्या नावेतले सरदार

सांगलीच्या कृष्णेत नाथाजी बेचाळीस वर्षं नाव चालवतोय, आणि त्याच्या नावेतून आजवर एकही माणूस पाण्यात पडलेला नाही. झिंगलेले जावई, पुरातल्या शेळ्या, परीक्षेला निघालेल्या पोरी, सगळे कोरडे उतरले. मिरवण्यासारखं त्याच्याकडे एवढंच आहे, आणि ते तो दिवसातून चार वेळा तरी मिरवतो. नावेत उभं राहायचं नाही, हा त्याचा एकच कायदा.

यंदा शहराच्या महोत्सवात पारंपरिक वेशातली नौकायात्रा निघाली. परंपरा कोणाची, हे कुणी विचारलं नाही, कारण पत्रिका छापून झाल्या होत्या. पत्रिकेत घाटाची व्यवस्था समितीकडे होती, पाण्यातली नाथाजीकडे. नाथाजी जन्मभर खाकी अर्ध्या चड्डीत वल्हं मारत आला, पण ते समितीला पारंपरिक वाटेना. म्हणून भाड्याच्या दुकानातून त्याच्यासाठी समुद्रावरच्या कोळ्याचा वेश आला, लाल टोपीसकट. बायको राहीबाई त्याला बघून पायरीवरच बसली.

"आवं, ह्ये काय? मासं इकाय निघालाय व्हय?"

त्याच्या नावेत समितीचे अध्यक्ष आप्पासो होते, सरदाराच्या वेशात. जरीचा अंगरखा, पत्र्याची तलवार, कमरेला गच्च आवळलेला शेला आणि त्याचं मागे लोंबणारं लांबलचक टोक. लाइफ जॅकेटनं अंगरख्याची जर झाकली जाते म्हणून ते त्यांनी घातलंच नाही. वर नावेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"आप्पासो, बसून घ्या. माज्या नावंत कुनी हुबं ऱ्हात न्हाई."

"अरं, सरदार कधी बसतो का?"

"पडतो तवा बसतोच की."

आप्पासोंनी ऐकलं नाही. काठावर कॅमेरे होते. ते एकेका कॅमेऱ्याला हात करत आणि दर वेळी नाव कलत होती. नाथाजीला आप्पासोंची काळजी नव्हती, काळजी होती ती बेचाळीस वर्षांच्या लौकिकाची. शेवटी त्यानं वाकून शेल्याचं टोक उचललं आणि गुपचूप आडव्या फळीला गाठ मारली.

पुलाखाली नाव जोरात हलली. सरदार पुढे झुकले, शेला ताणला आणि सरदार मागे आले.

"बघितलंस नाथाजी? तोल असा सांभाळायचा असतो."

"व्हय आप्पासो. लय भारी."

घाटाला नाव लागली, बँड सुरू झाला. नाथाजी ओरडला, "आवं थांबा, गाठ..." पण बँडपुढे त्याचं कोण ऐकणार? आप्पासोंनी रुबाबात उडी घेतली. शेला कमरेवरून सुटून नावेतच राहिला. सरदार कोरड्या पायरीवर चारी पायांवर आले. तलवार वाकली.

समिती धावली. गर्दीतून लालासाहेबानं, शेजारच्या नावेवरच्या नावाड्यानं, हाळी दिली, "नाथाजी, पडला की रं गड्या तुज्या नावंतनं मानूस!"

नाथाजी शांतपणे उतरला. कण्हणाऱ्या आप्पासोंचा अंगरखा त्यानं खालून वरपर्यंत चाचपला.

"हात लावून बघ. कोरडा हाय," तो म्हणाला. "घाट समितीकडं हाय."