व्यक्तिशः ओळखतो

नोंदणी कार्यालयातलं माझं काम पाच मिनिटांचं होतं. मित्राने तसंच सांगितलं होतं. "ओळख पटवायला दोन माणसं लागतात बे. एक माझ्या बायकोचा भाऊ, दुसरा तू. आधार कार्ड घेऊन ये." मी शाळेत क्लार्क आहे, सह्या-शिक्क्यांत दिवस जातो. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गेलो.

मित्राची मोठी बहीण वैरागहून सकाळच्या एसटीने आली होती. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अंगावर कोरी साडी, मांडीवर पिशवी.

"भाऊ, फोटो काढत्यात म्हणं हितं. पदर नीट हाय का?"

"आहे की," मी म्हणालो.

"ही साडी भावानं घेतली. सण न्हाय, वार न्हाय, अन् साडी." तिला त्याचं फार अप्रूप वाटत होतं.

मित्र चहा सांगायला गेला तेव्हा दस्त माझ्या हातात होता. मी वाचला. वर ठळक अक्षरांत 'हक्कसोडपत्र' लिहिलेलं. वडिलांचं शहराच्या हद्दवाढ भागात चार खोल्यांचं घर होतं. त्यातला आपला हिस्सा ती भावासाठी राजीखुशीने, विनामोबदला, कायमचा सोडत होती. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे बहिणी सोडतातच. भाऊ साडी नेसवतो, माहेर चालू राहतं. माझ्या बहिणीनेही सोडला आहे, आणि तिला मी काय सांगून सही घेतली, ते मलाच नीट आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणं मला सोयीचं आहे.

आमचा नंबर आला. टेबलावरच्या माणसाने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "मावशी, सही कशावर करताय, माहितीय ना?"

"व्हय की. बाबांच्या घराला नाव लावायचं हाय."

"तेच, तेच," मित्र म्हणाला.

टेबलावरच्या माणसाने मान हलवली. कुणाचं नाव लावायचंय, हे कुणीच विचारलं नाही. वारस म्हणून दोघा भावंडांची नावं लागणार, असं ती समजून चालली होती. मला ते तिथल्या तिथे कळलं. 'ताई, तुमचं नाव लागत नाही, निघतंय,' एवढंच म्हणायचं होतं. मित्र शेजारी उभा होता, मागे रांग होती, आणि मी बोललो नाही. तिने सही केली, अंगठा दिला. मग माझा फोटो निघाला, माझा अंगठा झाला. खाली छापलेलं होतं की मी तिला व्यक्तिशः ओळखतो. मी सही केली.

त्यानंतर मला एक खोड लागली. शाळेत कुणी पालक फॉर्मवर सही करू लागला की मी विचारायचो, "वाचलंत का?" लोक वैतागायचे. "साहेब, वेळ न्हाय."

पुढच्या वर्षी मित्राच्या बहिणीचा नवरा गेला. दिरांच्या घरात तिला कुणी थारा देईना, तेव्हा ती वडिलांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या मागायला आली. भावाने दस्त काढून दाखवला. तिने कोर्टात दावा लावला आणि दस्ताची झेरॉक्स घेऊन माझ्या शाळेत आली.

"भाऊ, तुमी तितं होता की. वकील म्हणत्यात, साक्षीदार बोलला तर काय तरी हुईल."

"बघतो," मी म्हणालो.

"आता काय बघता? बघितलंय की तुमी."

संध्याकाळी मित्राचा फोन आला. "तुझं काम ओळखीपुरतं होतं बे. आतलं तुला काय माहीत? आणि खरं बोलायची एवढीच हौस असेल तर आधी तुझ्या बहिणीला बोलव. तिची सही तू कशी घेतलीस, ते सांगायला मी येतो साक्षीला." तो हसला आणि फोन ठेवला.

पुढचे तीन आठवडे मी धड जेवलो नाही. बसलो की उठायचो. "काय लावलंय हे? एका जागी बसा की," बायको म्हणायची. तिला मी सगळं सांगितलं, पण बहिणीबद्दलचं सोडून.

मी साक्ष दिली. मित्राची बहीण त्या दिवशी काय म्हणाली आणि मी काय वाचलं होतं, ते सांगितलं. समोरच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "यांना व्यक्तिशः ओळखता, असं लिहिलेल्यावर तुमची सही आहे. किती वर्षांची ओळख?"

"त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं."

"म्हणजे तेव्हा खोट्यावर सही केलीत."

"हो."

"मग आज खरं बोलताय, हे कशावरून समजायचं?"

खरं कधीही सांगितलं तरी ते खरंच राहतं, अशी माझी समजूत होती. तिथे उभं राहिल्यावर कळलं की ते सांगणारा माणूस मी आहे, आणि माझी सही सगळ्यांसमोर आहे.

बाहेर ती पायरीवर बसली होती. मी म्हणालो, "ताई, माझ्यामुळे बिघडलं बहुतेक."

"आज बोलला, बरं केलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पर त्या दिवशी नुसतं माझ्या कानात बोलला असता, तर हितं यावंच लागलं नसतं की."

निकाल अजून लागलेला नाही. ती वैरागला दिराच्या पडवीत राहते आणि तारखेला एसटीने येते. माझी साक्ष संपली आहे, मला आता कुणी बोलावत नाही. तरी मी रजा टाकतो आणि जातो.