कचेरीतला डबा

तळोद्याच्या आमच्या कचेरीतला शिपाई कचऱ्याच्या डब्याला जपायचा, तसं कुणी खजिन्यालाही जपलं नसेल. डबा रॉकेलचा. त्यात अर्ध्यापर्यंत लोंबणारं गोणपाट. आमच्या पानांच्या पिचकाऱ्या त्यातून खाली गळायच्या, कागद वर राहायचे. साधं गोणपाट दोन कागदांनी आत घसरतं. याने काठावर सायकलच्या ट्यूबचं कडं असं आवळलं होतं की डब्यात हत्ती टाकला तरी ते हललं नसतं. तरीही हा तासातासाला येऊन कडं चाचपायचा आणि हळूच आत डोकावायचा.

मला संशय आला. हा नक्की फाडलेले कागद बाहेर विकतो!

"काय रे, आत सोनं पुरलंय का?"

"सोनं नही, भाऊसाहेब, कचरा शे." हसायचा मात्र नाही.

एकदा डोंगरातल्या एका माणसाचा विहिरीचा अर्ज मी कंटाळून चुरगाळला आणि डब्यात भिरकावला. आठ कोस चालत आलेला तो माणूस बाहेर ओट्यावर बसूनच होता. चहा पिऊन परततो तर अर्ज माझ्या टेबलावर, हाताने सपाट केलेला.

"चुकीसन पडी जायेल व्हता," शिपाई म्हणाला. "एक डाग शे, पन वाचता येस."

डाग लालभडक होता, माझ्याच पिचकारीचा. मी अर्ज नोंदवला.

तेव्हा कळलं, तासातासाला तो माझ्यावर नजर ठेवायला येत होता.