पैंजणाच्या डबीतला नमुना

मंडळी, आज लॅबमधून समाधानाने घरी आले, म्हणून लिहिते.

सकाळी हुपरीच्या एका दहा महिन्यांच्या बाळाचा जुलाबाचा नमुना आला, तोही पैंजणाच्या डबीत. घरी चांदीचं काम, त्यामुळे तीच स्वच्छ डबी हाताशी. पण आतल्या गुलाबी कापसाने सगळं शोषून घेतलं होतं. दुसरा नमुना मागावा लागला.

बाळाला जुलाबात फिट आली होती. आई खाली मान घालून बसलेली. सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होत्या, "ह्येच्या मामाला फिट येती. तिकडनंच आलंय ह्ये."

दुसऱ्या नमुन्यात पट्टीवर दोन रेघा उमटल्या. रोटाव्हायरस. रक्तातली साखर आणि क्षार ठीक होते. त्याचा अर्थ सांगणं माझं काम नाही. तो डॉक्टरांनी सांगितला, "या विषाणूच्या जुलाबात काही बाळांना फिट येते. मामाकडे बोट दाखवायचं कारण नाही. बाळ बरं होईल."

आईने मान वर करून सासूबाईंकडे पाहिलं. "ऐकलासा न्हवं, आत्ती?"

सासूबाई मग डॉक्टरांना म्हणाल्या, "धाकट्या सुनंचं दोन महिन्याचं हाय. त्येला कायतरी डोस हाय का?"

"आहे. तोंडातून देतात. उद्या आणा."

त्या थोरल्या सुनेकडे वळल्या. "धाकटीला तूच सांग. तुला नीट समजलंय."

तुमच्याकडे मूल आजारी पडलं की पहिलं बोट कुणाकडे जातं? आणि ते मागे कोण घेतं?