परकर द्या, मग चालते

"परकर काढ. पोरांना पाय दिसले पाहिजेत," डॉक्टर म्हणाले.

पोरं म्हणजे शिकाऊ डॉक्टर. मुलं, मुली. घोळकाच. मी तेरा वर्षांची. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय ताठ, चालताना गुडघे घासायचे. आई मला कोडोलीहून एसटीनं कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात व्यायामाला आणायची. त्या दिवशी तिला बाहेरच थांबवलं.

मी परकर काढला. जबरदस्ती कुणी केली नाही. नाही म्हणता येतं, हेच ठाऊक नव्हतं.

"चाल."

लाज वाटली की माझे स्नायू आणखी आवळतात. पाय कात्रीसारखे अडकले. मी पडले. कुणीतरी खुदकन हसलं. डॉक्टरांनी पेनानं माझी मांडी टोचली. केसपेपरवरचं आडनाव वाचलं.

"बघा, ताकदच नाही. ही माणसं पोरांना नुसती बसवून ठेवतात."

खोटं. आई मजुरीला जायच्या आधी माझ्या घोट्याला वाळूची पिशवी बांधायची, पाय उचलायला लावायची. हात न टेकता खाटेवरून उठायला मी शिकले होते. हे सांगायचं होतं. पण मी चड्डीवरचं ठिगळ हातानं झाकत होते. आईनं शिवलेलं ठिगळ. त्याची लाज वाटली मला. त्या लाजेची लाज अजून वाटते.

"ऊठ. परत चाल. मागच्यांना दिसलं नाही."

मी फरशीवरच बसून राहिले.

"परकर द्या. मग चालते."

"काय म्हणालीस?"

"तुमच्या पोरीला असं चालवलं असतं व्हय?"

परकर कुणी दिला नाही. मी सरपटत गेले, खुर्चीवरून ओढला, बसूनच घातला. खुर्चीला धरून उठले.

त्यांनी आईला आत बोलावून झापलं. आईनं हात जोडले.

"चुकलं सायेब. न्हान हाय पोरगी. पदरात घ्या."

माझं काय चुकलं, तिनं विचारलं नाही. ते जोडलेले हात आठवले की अजून मान वर होत नाही.

आज मी कुबड्या घेऊन त्याच दवाखान्यात जाते. खेड्यातल्या आया तिथं पोरींना घेऊन येतात, दाराशी घुटमळतात. मी त्यांना आत घेऊन जाते. पोरीशेजारी बसवते. मीही बसते. डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत.

"तुम्ही कोण?" ते विचारतात.

मी उठत नाही.