आधी कोण सरकतं

अक्षर वाकडंतिकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल, त्याबद्दल माफी असावी. पण शेजारणीविषयी लिहावंसं वाटलं.

ती दातिवऱ्याच्या कोळ्यांची मुलगी. सालवडला आमच्या शेजारच्या खोलीत राहते आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत जाते. जेवायला माझ्याकडे येते, पण दारातच उभ्याने खाते. एकदा बोटांचा चौकोन करून म्हणाली, "वयनी, आमचा लोखंड मिसळलेला खडा खूप थंड केला की आतला अणूंचा चौकोन लांबट होतो. आणखी थंड केला तर वीज न अडखळता जाते. पण आधी अणू सरकतात, का इलेक्ट्रॉन दिशा धरून अणूंना ओढतात? माझ्या मापात इलेक्ट्रॉनच आधी हायत."

त्याच मापावर तिची नोकरी टिकणार होती.

परवा जेवताना तिच्या सरांचा फोन आला. हात खरकटा म्हणून तिने तो स्पीकरवर ठेवला.

"आपला पेपर आज छापायला पाठवतोय," सर म्हणाले.

तिचा घास हातातच राहिला. "नको सर. खडा धरायचा चिमटा घट्ट बसला होता. ती दिशा चिमट्याच्या दाबानं पण आली असेल. परत मोजते."

"दुसरे लोक पुढे जातील. तुझ्या नोकरीची मुदतही या महिन्यात संपतेय. किती दिवस लागतील?"

मी असते तर भीतीने आठवडा तरी सांगितला असता.

"नाय माहीत, सर."

सरांनी फोन कट केला.

"वयनी, कालवण उरलंय काय?" तिने विचारलं. मी उरलेलं सगळं तिच्या ताटात वाढलं.